कॅथॉलिक उपासनेंतील गायन

रविवारीं सकाळीं एखाद्या कॅथॉलिक देवळावरून जातांना आंतून येणारे गाण्याचे सूर पुष्कळांनीं ऐकलेले असतात. ऐकणारा अन्यधर्मीय असेल तर त्याची साधारणपणें अशी समजूत होते कीं, आंत प्रार्थना चालली असून भाविकांचें मन रमावें म्हणून मधून मधून गाणें घातलेलें आहे. ही समजूत स्वाभाविक असली तरी बरोबर नाहीं. सोमयागांत सामगायन हें जसें यज्ञाचेंच एक अंग असतें, करमणूक नसते, तसेंच कॅथॉलिक परंपरेंत गायन हें उपासनेचेंच अंग मानलेलें आहे. म्हणूनच त्या पंथांत गायनाविषयीं वारंवार वाद झाले, पोपांनीं आज्ञापत्रें काढलीं आणि धर्मपरिषदांनीं ठराव केले. इतकीं आज्ञापत्रें निघूनही गांवोगांवच्या देवळांत तें गायन कधीं जगलें, कधीं मेलें. असें कां झालें, हा प्रश्न मोठा उद्बोधक आहे.

कॅथॉलिकांची मुख्य उपासना म्हणजे मिस्सा. ख्रिस्तानें आपल्या शिष्यांसह घेतलेल्या अखेरच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकरी व द्राक्षारस अर्पण करण्याचा हा विधि आहे. या विधींत जे शब्द गावयाचे त्यांचे दोन वर्ग आहेत. त्यांना नित्य आणि नैमित्तिक अशीं नांवें दिलीं तर शोभतील. नित्य वर्गांत पांच गीतें येतात : कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आन्युस देई. यांपैकीं पहिल्याचे शब्द ग्रीक आहेत व बाकीच्यांचे लॅटिन. बहुतेक मोठ्या प्रसंगीं हीं पांच तींच असतात. म्हणून सर्व समाजाला तीं पाठ होऊं शकतात. नैमित्तिक गीतें मात्र दिवसागणिक बदलतात. धर्मगुरूच्या प्रवेशाच्या वेळचें गीत, शास्त्रपाठांच्या मधलीं दोन गीतें, अर्पणाच्या वेळचें आणि प्रसादग्रहणाच्या वेळचें गीत, हीं नाताळांत निराळीं, उपवासकाळांत निराळीं आणि ईस्टरला निराळीं. हीं गाण्यास कसलेले गायक लागतात. एक भाग सर्वांचा व एक भाग शिकलेल्यांचा, अशी ही वांटणी आहे. पुढचे सारे प्रश्न या वांटणीभोंवतींच फिरतात.

या लॅटिन उपासनेचें जें जुनें गायन त्याला ग्रेगरीय गायन म्हणतात. त्याची घडण भारतीय श्रोत्याला फारशी परकी वाटूं नये. सर्वजण एकच स्वरावलि एकाच सुरांत गातात. निरनिराळ्या आवाजांची जी स्वरसंगति युरोपीय संगीतांत पुढें आली ती यांत नाहीं. ताल नाहीं, ठेका नाहीं. गति शब्दांच्या उच्चारावरून ठरते. मूळ रूपांत वाद्याची साथही नाहीं. स्वररचनेचे आठ वर्ग मानलेले असून, चाल ज्यावर येऊन थांबते तो न्यासस्वर आणि पठण ज्यावर चालतें तो आधारस्वर, असे प्रत्येक वर्गाचे दोन प्रमुख स्वर असतात. मठांत स्तोत्रें म्हणतांना गायकांच्या दोन रांगा समोरासमोर बसून चरणाआड चरण म्हणतात. दिंडींत टाळकऱ्यांच्या दोन रांगा ज्यानें पाहिल्या आहेत त्याला ही रीत ओळखीचीच वाटेल. कांहीं गीतांत एका अक्षराला एकच स्वर असतो. तर आलेलुया या शब्दाच्या अंत्य अक्षरावर स्वरांची लांब आलापी चालते. शब्दांत न मावणारा आनंद असा निःशब्द सुरांतून बाहेर पडतो, असें इ. स. ४३० मध्यें कालवश झालेल्या संत ऑगस्टीन यांनीं अशा गाण्याविषयीं म्हटलें आहे.

परंपरेनें या गायनाचें श्रेय इ. स. ५९० ते ६०४ पर्यंत पोपपदावर असलेल्या थोरल्या ग्रेगरींना दिलें जातें. त्यांच्या खांद्यावर कबुतराच्या रूपानें बसून पवित्र आत्म्यानें कानांत चाली सांगितल्या, अशी आख्यायिका असून जुन्या चित्रांत तो प्रसंग रंगविलेला आढळतो. विद्वानांचा निष्कर्ष निराळा आहे. आठव्या शतकांत फ्रँक राजांनीं रोममधील उपासनापद्धति आपल्या राज्यांत आणविली. त्या वेळीं रोमच्या चाली व तेथील देश्य चाली यांचा मिलाफ होऊन हें गायन घडलें. हा सारा भांडार त्या काळीं केवळ स्मरणांत होता. गुरूनें गावें, शिष्यानें ऐकून पाठ करावें, हाच मार्ग. नवव्या-दहाव्या शतकांत शब्दांच्या डोक्यावर लहान लहान खुणा काढण्याची पद्धति निघाली. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन मठांत दहाव्या शतकाच्या आरंभींची अशी पोथी जपून ठेवलेली आहे. परंतु या खुणा आवाज चढवावा कीं उतरवावा एवढेंच सांगत. नेमका किती, हें सांगत नसत. चाल आधींच पाठ असलेल्याला त्या आठवण देत. अनभिज्ञाला त्यांचा उपयोग नव्हता.

ही अडचण एका शिक्षकानें दूर केली. इटलींतील आरेत्सो गांवीं ग्विदो नांवाचा भिक्षु अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मुलांना गाणें शिकवीत असे. त्यानें पाहिलें कीं, दहा दहा वर्षें घोकंपट्टी करूनही मुलांना न ऐकलेलें एक गीत आपलें आपण म्हणतां येत नाहीं. त्यानें रेघांच्या चौकटींत स्वर बसविले आणि कोणती रेघ कोणत्या स्वराची हें कळावें म्हणून एक रेघ तांबडी व एक पिवळी केली. मग सेंट जॉनच्या एका स्तोत्राचा त्यानें युक्तीनें उपयोग केला. त्या स्तोत्राचा प्रत्येक चरण मागच्यापेक्षां एक स्वर वरून सुरू होतो. त्या चरणांचीं पहिलीं अक्षरें घेऊन त्यानें उत्, रे, मी, फा, सोल, ला हीं स्वरांचीं नांवें मुलांना दिलीं. सा, रे, ग, म यांसारखीच ही सोय होय. आतां एक वर्षांत, फार तर दोन वर्षांत, पुरा गायक तयार होतो, असें त्यानें आपल्या एका पत्रांत लिहून ठेवलें आहे. पोप एकोणिसावे जॉन यांनीं त्याला रोमला बोलावून घेतलें, त्याची पोथी चाळली आणि पूर्वीं कधीं न ऐकलेला एक चरण स्वतः गाऊन पाहिल्यावरच त्यांचें समाधान झालें. आजचें सारें युरोपीय स्वरलेखन या शिक्षकाच्या फळ्यावरून निघालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

स्वर लिहितां येऊं लागल्यावर निरनिराळे आवाज एकत्र गुंफण्याची कला वाढली आणि सोळाव्या शतकांत पालेस्त्रीना यांच्या रचनांत ती पूर्णत्वास पोंचली. परंतु पुढें या संपन्नतेची बाधाही झाली. जुन्या एकसुरी गायनाची गोडी कमी झाली. १६१४-१५ मध्यें रोममध्यें छापलेल्या गायनग्रंथांत लांब आलापी कंटाळवाण्या समजून छाटून टाकल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत इटलींतील देवळांतून नाटकगृहाच्या धर्तीचें गाणें ऐकूं येऊं लागलें. एकट्या गायकाच्या ताना लांबत जात आणि वेदीपाशीं धर्मगुरु वाट पाहत उभा राही.

या अवस्थेंतून जुनें गायन वर काढण्याचें काम फ्रान्समधील सोलेम येथील मठानें केलें. १८३३ मध्यें दों प्रोस्पेर गेरांजे यांनीं हा ओसाड पडलेला मठ पुन्हा वसविला. त्यांच्या अनुयायांपैकीं दों पोतिए यांनीं १८८३ मध्यें जुन्या चालींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दों मोकेरो यांनीं १८८९ पासून प्राचीन पोथ्यांचीं छायाचित्रें छापण्यास आरंभ केला. एकाच गीताचे दोनशेंहून अधिक हस्तलिखितांतील पाठ त्यांनीं शेजारीं शेजारीं मांडून दाखविले. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठीं जी पाठभेद ताडून पाहण्याची पद्धति वापरली तिच्याच जातीचें हें काम होय. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या शतकांतील पोथ्या मूळ चालीविषयीं आश्चर्यकारक रीतीनें एकमत आहेत, हें त्यावरून सिद्ध झालें. छाटलेल्या चाली खऱ्या नव्हत, हें आतां उघड झालें.

१९०३ मध्यें पोप झालेल्या दहाव्या पायस यांना या कामाचें मोल पुरतें ठाऊक होतें. ते इटलींतील खेड्यापाड्यांतून चढत वर आलेले होते. तोंबोलो या लहानशा गांवीं साहाय्यक धर्मगुरु असतांना त्यांनीं स्वतः गांवकऱ्यांना गाणें शिकविलें होतें. पोपपदावर आल्यानंतर थोड्याच महिन्यांनीं, २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीताची अधिष्ठात्री मानलेल्या संत सेसिलियाच्या सणाच्या दिवशीं, त्यांनीं धर्मसंगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. ग्रेगरीय गायन हा धर्मसंगीताचा श्रेष्ठ नमुना. त्याच्या जवळ जाणारें संगीत ग्राह्य व नाटकगृहाच्या जवळ जाणारें अग्राह्य, असा त्यांत दंडक घालून दिला. पियानो, ढोल, झांजा यांना देवळांत मनाई झाली. गायनासाठीं धर्मगुरूला वेदीपाशीं ताटकळत ठेवूं नये, असेंही सांगितलें. आज विचित्र वाटतील अशा आज्ञाही त्यांत होत्या : स्त्रियांना गायकवृंदांत घेऊं नये आणि गंभीर विधींत लोकभाषेंतील गीतें म्हणूं नयेत.

परंतु या आज्ञापत्रांतील दोन गोष्टी विशेष लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. भाविकांनीं उपासनेंत प्रत्यक्ष भाग घ्यावा, त्यांनीं नुसते प्रेक्षक होऊन बसूं नये, हा विचार त्यांत स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे. दुसरें असें कीं, केवळ मोठ्या देवळांतच नव्हे, तर लहान खेड्यांतल्या धर्मग्रामांतही गायनशाळा स्थापाव्या, असें तें पत्र सांगतें. पहिली गोष्ट दुसरीवर अवलंबून होती, आणि नेमकी दुसरीच बहुतेक ठिकाणीं झाली नाहीं. आज्ञा रोमहून टपालानें येऊं शकते; शिक्षक तसा येत नाहीं. पुष्कळ धर्मग्रामांत मिस्सा पूर्वीप्रमाणेंच हळू आवाजांत, गाण्यावांचून होत राहिली. धर्मगुरु लॅटिनमध्यें पुटपुटत असे आणि लोक जपमाळ ओढीत बसत. जेथें शिक्षक मिळाले तेथें मात्र चित्र पालटलें. अमेरिकेंत जस्टिन वॉर्ड या बाईंनीं स्वरांना आंकडे देऊन व हातांच्या हालचालींनीं लय दाखवून शाळकरी मुलांना हें गायन शिकविण्याची पद्धति बसविली. १९२० मध्यें न्यूयॉर्कला भरलेल्या ग्रेगरीय परिषदेंत हजारों मुलांनीं एका सुरांत मिस्सा गाइली आणि तें ऐकण्यास सोलेमचे वृद्ध दों मोकेरो स्वतः हजर होते.

धर्मग्रामांत शिक्षक असला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास अमेरिकेलाच जावें लागतें असें नाहीं. तें गोव्यांतही आहे. पोर्तुगीज अमदानींत तेथील देवळांना जोडून शाळा असत. त्यांतील गुरूला ‘मेस्त्र’ म्हणत. मराठींतील ‘मिस्त्री’ हा शब्द याच पोर्तुगीज शब्दापासून निघाला असें मानतात. हा मेस्त्र मुलांना धर्मपाठाबरोबर स्वरवाचन, गायन व व्हायोलिन शिकवी, सणावारीं देवळांतील गायकवृंद चालवी आणि गरज पडल्यास नव्या चालीही बांधी. उपवासकाळांत गोव्यांतील देवळांतून जीं मोतेत नांवाचीं गीतें गाइलीं जातात त्यांचे शब्द कांहीं लॅटिन, कांहीं कोंकणी. साथीला व्हायोलिन आणि दोन आवाज ठराविक अंतरानें बरोबर चाललेले. हें शुद्ध ग्रेगरीय गायन नव्हे. रोमच्या कडक परीक्षकाला त्यांतील पुष्कळ गोष्टी खपल्या नसत्या. पण तें गांवाचें गाणें होतें आणि गांवाला येत होतें.

या शाळांचा प्रवाह देवळापुरता राहिला नाहीं. स्वरलेखन वाचतां येणारे गोमंतकीय वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत व पुढें चित्रपटांच्या संगीतांत मोठ्या संख्येनें आले. मजोर्डा गांवीं १९२७ मध्यें जन्मलेले अँथनी गोन्साल्व्हिस हे त्यांपैकीं एक. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनींच शिकविलें, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील एका नायकाला त्यांचेंच नांव मिळालें. त्या नांवावर हंसणाऱ्या प्रेक्षकांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असेल कीं, त्या साऱ्या वाद्यवृंदाच्या मुळाशीं खेड्यांतल्या देवळाची शाळा होती.

भाषेचा प्रश्नही या भागांत जुनाच आहे. १५७९ मध्यें गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनीं नवख्रिस्ती लोकांची पुराणांची तहान ओळखून मराठी ओवींत ‘ख्रिस्तपुराण’ रचलें. तें १६१६ मध्यें छापून निघालें. मिस्सा लॅटिनमध्येंच राहिली. पण देवळांत जमलेल्या भाविकांना आपल्या भाषेंतील ओवी ऐकावयास मिळूं लागली. उपासना एका भाषेंत व जिव्हाळा दुसऱ्या भाषेंत, अशी ही विभागणी पुढें साडेतीनशें वर्षें टिकली.

ती मोडली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें. ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचा ठराव २,१४७ विरुद्ध ४ मतांनीं संमत झाला. या ठरावानें जुनें गायन हद्दपार केलें, असा समज सर्वत्र आहे. पण ठराव वाचला तर उलटच दिसतें. लोकभाषांना अधिक वाव द्यावा, परंतु लॅटिन राखावी. ग्रेगरीय गायन हें रोमन उपासनेचें खास गायन असल्यानें इतर गोष्टी सारख्या असतां त्याला अग्रस्थान द्यावें. नळ्यांच्या ऑर्गनचा मान ठेवावा. आणि ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथें तिलाही योग्य स्थान द्यावें, असें त्यांत म्हटलें आहे. भाविकांच्या प्रत्यक्ष सहभागाचा जो विचार १९०३ मध्यें आला होता तोच येथें मुख्य सूत्र झाला. साध्य तेंच होतें. साधनांत मातृभाषेची भर पडली.

प्रत्यक्षांत काय घडलें? १९६९ च्या अखेरीस नवी मिस्सा प्रचारांत आली आणि थोड्याच वर्षांत जगांतील बहुतेक धर्मग्रामांतून लॅटिन गेली व तिच्याबरोबर जुनें गायनही गेलें. शब्द लॅटिन, चाली त्या शब्दांच्या उच्चारावर बेतलेल्या. भाषा बदलली तेव्हां चाली उघड्या पडल्या. त्यांच्या जागीं नवीं गीतें घाईघाईनें आलीं. कांहीं चांगलीं, कांहीं अगदींच सुमार. १९७४ मध्यें पोप सहावे पॉल यांनीं निदान थोड्या सोप्या लॅटिन चाली तरी सर्वांना याव्या म्हणून एक लहानशी पुस्तिका जगांतील सर्व बिशपांकडे पाठविली. पुस्तिका पोंचली, पण शिकविणारा तिच्याबरोबर नव्हता.

नव्या व्यवस्थेनें दिलेलें दानही लहान नाहीं. वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा मराठींत होऊं लागली आणि पेटी-तबल्याच्या साथीनें मराठी गीतें देवळांत आलीं. गोव्यांत ‘गायनांचो झेलो’ हा कोंकणी गीतसंग्रह घरोघर गेला. ज्या आजीला जन्मभर लॅटिन शब्दांचा अर्थ कळला नव्हता तिला वेदीपाशीं चाललेली प्रार्थना प्रथमच समजली. हें ज्यानें अनुभवलें त्याला जुन्याचा अट्टाहास निष्ठुर वाटतो. उलट, जिच्या ओठांवर लहानपणापासूनचीं लॅटिन गीतें होतीं त्या आजीला एका रविवारीं अकस्मात् आपण आपल्याच देवळांत मुक्या झालों असें वाटलें, तिचें दुःखही खोटें नव्हतें. दोघी एकाच बांकावर बसत होत्या.

हें दुःख पुढें वादाच्या रूपानें प्रकट झालें. ७ जुलै २००७ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं १९६२ च्या ग्रंथाप्रमाणें होणाऱ्या जुन्या मिस्सेला पुष्कळ मोकळीक दिली. १६ जुलै २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं ती मोकळीक आंखडून अधिकार पुन्हा बिशपांच्या हातीं दिला; जुन्या विधीच्या आधारानें समाजांत फूट पडूं लागली आहे, असें त्यांचें कारण होतें. या वादांत एक घोटाळा नेहमीं होतो, तो दूर केला पाहिजे. जुना विधि आणि जुनें गायन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नव्या मिस्सेंतही लॅटिन व ग्रेगरीय गायन चालतें. सोलेमच्या भिक्षूंनीं १९७४ मध्यें नव्या क्रमानुसार गायनग्रंथ सिद्ध करून दिलेला आहे. विधीचा वाद अधिकाऱ्यांनीं सोडवावयाचा आहे. गायनाला त्या निकालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

१९९४ मध्यें स्पेनमधील सिलोस येथील भिक्षूंच्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका लाखोंनीं खपल्या. ज्यांना देवळाची पायरी ठाऊक नव्हती अशा तरुणांनींही त्या घेतल्या. गायन लोकांना नको झालें म्हणून गेलें, हें म्हणणें त्यावरून तरी टिकत नाहीं. मात्र ध्वनिमुद्रिकेंतलें गायन ऐकण्याचें असतें, आणि धर्मग्रामांतलें गायन स्वतः गाण्याचें असतें. पहिलें विकत मिळतें, दुसरें शिकावें लागतें.

१९०३ चें आज्ञापत्र आणि १९६३ चा ठराव, दोन्हींची इच्छा एकच होती : लोकांनीं गावें. दोहोंच्या वाटेंत एकच खांच आली. आठ-दहा मुलांना आठवड्यांतून दोन संध्याकाळीं जवळ बसवून ‘रे’ नंतर ‘मी’ कसा लागतो हें शिकविणारा माणूस बहुतेक ठिकाणीं नव्हता. तो होता तेव्हां आरेत्सोच्या मुलांना न ऐकलेलें गीत म्हणतां आलें, न्यूयॉर्कच्या शाळांतून हजारों कंठ एक झाले आणि गोव्याच्या खेड्यांतून व्हायोलिन मुंबईपर्यंत पोंचलें. भाषा लॅटिन असो, कोंकणी असो वा मराठी असो, ज्या धर्मग्रामाला आपलें गाणें नातवंडांच्या तोंडीं ऐकावयाचें आहे त्याला एक गोष्ट करावी लागेल. देवळाच्या आवारांतील एक खोली संध्याकाळीं उघडी ठेवून तिच्यांत एक शिक्षक बसवावा लागेल.